ड्रायरआधी अर्क, आणि त्याही आधी वहिनी

पत्र

मी 32 वर्षांची आहे. सात वर्षं एका रोस्टरीत, म्हणजे कॉफीचं बी भाजणाऱ्या ठिकाणी, क्वालिटी बघते. दीड वर्षापूर्वी दादाच्या डोक्यात आलं, की उत्तम बियांची, खरोखर चांगली लागणारी इन्स्टंट कॉफी आपण काढू. दादा फूड इंजिनिअर आहे. ओळखीच्या लॅबमधला छोटा फ्रीझ ड्रायर (गोठवून निर्वातात वाळवणारं मशीन) सुट्टीच्या दिवशी वापरायला मिळतो, त्यावर आम्ही नमुने करतो. मी नेहमीसारखी कॉफी गाळते आणि तीच आम्ही वाळवतो. चव छान येते. पण पाच लिटर कॉफी, तीस-बत्तीस तास, आणि हाती दोन वाट्या पावडर, तीही वजनाला हलकी. कधीकधी ट्रेच्या तळाशी काळा, चिकट, काचेसारखा थर उरतो. नमुने पुष्कळ जणांना वाटले, सगळ्यांना आवडले. मात्र महिन्याभराने उरलेली पाकिटं उघडली, तर काहींत गुठळी झालेली आणि चव सपाट.

आता दादाला पन्नास लिटरचं जुनं मशीन सापडलंय. मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. दादा मुदत ठेव मोडायला निघालाय, आणि मी नोकरी सोडावी असं त्याचं म्हणणं. वहिनीला अजून काही सांगितलेलं नाही. ‘मशीन आलं की सांगू’ म्हणतो. मला भीती वाटते, पण कशाची ते नेमकं सांगता येत नाही. मशीन घ्यावं का? मोठ्या कंपन्यांपुढे आमचा निभाव लागेल का? आणि दादाला ‘थांब’ म्हणायचं तर कसं?

उत्तर

मशीन घेऊ नका. निदान या महिन्यात, त्या ठेवीतून आणि वहिनीला अंधारात ठेवून तर नकोच.

तुम्हाला नेमकी सांगता न येणारी भीती बहुधा पाण्याची आहे. ती रास्त आहे, आणि कागदावर मांडता येते.

तुम्ही गाळता त्या कॉफीत विरघळलेला भाग साधारण सव्वा-दीड टक्का असतो. हा भाग मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर तुमच्या हातात रोज असतो, तेव्हा हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. 1.3 टक्के धरू. पाच लिटरमधून 65 ग्रॅम पावडर निघाली. अडीचशे मिलीच्या एका कपाला तीन ग्रॅमच्या आसपास लागते, म्हणजे एका घाण्याला एकवीस-बावीस कप. सव्वा दिवस मशीन चालवून! बाकीचे चार लिटर नऊशे मिली तुम्ही आधी गरम केलं, मग गोठवलं, मग निर्वातात त्याची वाफ केली आणि कंडेन्सरवर पुन्हा त्याचा बर्फ केला. बर्फाची थेट वाफ करायला किलोमागे सुमारे 2.8 मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे पाऊण युनिटाहून थोडी जास्त वीज. हा निसर्गाचा किमान दर. पंप, कॉम्प्रेसर, गळती धरून प्रत्यक्षात दुपटीच्या पुढेच जाईल. एक किलो पावडरीसाठी तुम्ही आज पंचाहत्तर लिटर पाणी काढताय.

पन्नास लिटरचं मशीन आणलंत तर या गणितात काय बदलेल? प्रत्येक घाण्याला 650 ग्रॅम पावडर, म्हणजे सव्वादोनशेच्या आत कप. बाकी सगळं तसंच राहील, फक्त दहापट मोठं. मशीन लहान असणं ही तुमची अडचण नाहीच. तुम्ही त्यात पातळ कॉफी ओतताय ही अडचण आहे.

त्याच पन्नास लिटरमध्ये दहा टक्के सार असलेला दाट अर्क घातला तर पाच किलो पावडर निघेल, साडेसोळाशे कप. दाट द्रावण थोडं हळू वाळतं हे खरं, पण किलोमागे काढायचं पाणी पंचाहत्तर लिटरवरून नऊवर आलेलं असतं. हाच आकडा दादापुढे ठेवा. इंजिनिअर माणूस आहे, त्याला भावनेपेक्षा हा कागद लवकर पटेल.

आता मला जी गोष्ट मुद्दाम सांगायची आहे ती. अर्क दाट करण्यात नुसती वीज वाचत नाही, वासही टिकतो, आणि तुमच्यासाठी ते वीज वाचण्यापेक्षा मोठं आहे. भाजलेल्या कॉफीत आठशेहून जास्त उडनशील संयुगं सापडली आहेत. सगळ्यांना भीती वाटते की निर्वातात ती पाण्याआधी पळून जातील. पण द्रावण दाट झालं की वेगळंच घडतं. पाण्याचा रेणू लहान, तो दाट सारातूनही वाट काढत बाहेर पडतो. वासाचे रेणू त्यामानाने मोठे, त्यांची चाल खूप जास्त मंदावते आणि ते आतच अडकतात. द्रावण जितकं दाट, तितकी ही चाळणी चांगली. म्हणून मोठे कारखानेही वाळवण्याआधी अर्क चाळीस टक्क्यांच्या आसपास नेतात. तुम्ही पातळ कॉफी वाळवूनही चव छान येते म्हणता, तर ती तुमच्या बियांची आणि तुमच्या जिभेची पुण्याई. मशीनने तुम्हाला तिथे फारशी मदत केलेली नाही.

दाट करायचं कसं, याला सोपं उत्तर नाही, आणि तुमचे पैसे आणि पुढचे काही महिने जायला हवेत ते इथेच. कमी पाण्यात जास्त कॉफी घालून जाड अर्क काढता येतो, पण मग बियांतलं बरंच सार चोथ्यातच राहतं आणि महागडं बी वाया जातं. कारखान्यात यावर जुना तोडगा आहे. पाच-सहा किंवा जास्त उभ्या टाक्या एकापुढे एक जोडतात. ताजं गरम पाणी सगळ्यात जुन्या, जवळपास निथळलेल्या चोथ्यावर आधी सोडतात. तिथून ते कमी जुन्या टाकीत, आणि शेवटी ताज्या दळलेल्या कॉफीवर. पाणी जसजसं दाट होतं तसतशी त्याला पुढे जास्त श्रीमंत कॉफी भेटते. हेच तुम्ही तीन भांड्यांत करून बघू शकता. दाबाची गरज नाही, नेहमीचं नव्वद-ब्याण्णव अंशांचं पाणी पुरे. प्रत्येक भांड्यातून बाहेर पडणाऱ्या अर्काचं टीडीएस (विरघळलेल्या भागाची टक्केवारी) आणि वजन लिहीत गेलात, की आठवड्या-दोन आठवड्यांत आपण कुठे सार घालवतोय ते वहीतच दिसेल.

दुसरी वाट थंडीची. कॉफी गोठताना आधी पाण्याचे स्फटिक होतात आणि सार उरलेल्या द्रवात गोळा होत जातं. लहान प्रमाणावर याची साधी रीत अशी, की अर्क भांड्यात पूर्ण गोठवायचा, मग उपडा करून सावकाश वितळू द्यायचा आणि आधी ठिबकतं ते वेगळं धरायचं. निम्मा वितळेपर्यंत बराचसा सार खाली उतरलेला असतो आणि वर फिकट बर्फ राहतो. तो टाकायचा नाही. पुढच्या घाण्याला अर्क काढायचं पाणी म्हणून वापरायचा. वास जपायला ही रीत फार चांगली, वेळ मात्र खाते. बाष्पीभवन करून आटवण्याच्या वाटेला निदान सुरुवातीला जाऊ नका. आटवताना आधी वासच जातो. मोठे कारखाने तो वेगळा धरून नंतर परत मिसळतात, तेवढी सोय तुमच्याकडे नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. काढलेला अर्क गरम ठेवून दुसऱ्या घाण्याची वाट बघायची नाही. तासाभराने त्याला येणारी आंबट-कडवट झाक वाळवल्यावर पावडरीतही उतरते. अर्क निघाला की लगेच बर्फाच्या पाण्यात थंड करायचा.

तुमच्या पत्रातल्या त्या काळ्या, काचेसारख्या थराबद्दल. तो करपलेला नाही, वितळलेला आहे. कॉफीचा गोठलेला अर्क उणे 20 ते उणे 25 अंशांच्या वर गेला की आतला दाट भाग मऊ पडायला लागतो. बर्फ उडून गेल्यावर जी जाळी उभी राहायला हवी ती ढासळते आणि ट्रेच्या तळाला टॉफीसारखा थर बसतो. तो आतून ओला राहतो. ट्रेखालची उष्णता तुम्ही फार लवकर वाढवताय, किंवा अर्क पुरता गोठण्याआधीच निर्वात सुरू करताय, किंवा ट्रेमध्ये थर जाड ओतताय. अर्क उणे 40 पर्यंत नेऊन काही तास तिथेच राहू द्या, थर एक सेंटीमीटरच्या आत ठेवा, आणि पहिला टप्पा संपेपर्यंत उष्णतेचं बटण दादाला हात लावू देऊ नका. (इंजिनिअर लोकांना ते बटण फिरवल्याशिवाय राहवत नाही.) गोठवण्याचा वेगही बघा. सावकाश गोठलेल्या अर्कात बर्फाचे स्फटिक मोठे होतात, वाफेला वाटा रुंद मिळतात आणि पावडरीचा रंग गडद येतो. झटपट गोठवलं तर रंग फिका. दोन्ही करून चाखून बघा, हे काम तुमचं आहे.

गुठळ्या आणि सपाट चव ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं वाटतील, पण तशी नाहीत. गुठळी ओलाव्याची. चांगल्या पावडरीत दोन-तीन टक्के ओलावा असतो. तो सात-आठवर गेला की कण एकमेकांना चिकटायला लागतात. फ्रीझ ड्रायरमधून निघालेली पावडर जाळीदार असते आणि हवेतलं पाणी अधाशासारखं पिते. उघड्या ट्रेवर काही मिनिटं राहिली तरी पुरतं. मी पैज लावीन की तुम्ही मशीन उघडून, हसत-खेळत, चमच्याने पाकिटं भरत असाल. पाकिटं भरायची खोली कोरडी हवी, सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास, आणि ट्रे निघाल्यापासून पाकीट सील होईपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजायला हवा.

सपाट चव ऑक्सिजनची. भाजलेल्या बियांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो आणि काही काळ त्यांना थोडंफार सांभाळतो. पावडरीला ते कवच नाही, वर पृष्ठभाग अफाट. त्यामुळे पाकिटात नायट्रोजन भरून ऑक्सिजन एक-दोन टक्क्यांच्या खाली आणावा लागतो, आणि पाकीट अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा थर असलेलंच लागतं. कागदी दिसणारं, झिपचं पाऊच फोटोत कितीही देखणं दिसलं तरी तुमच्या कामाचं नाही. ड्रायरच्या किमतीच्या तुलनेत नायट्रोजनचं सील मशीन फारच कमी पैशांत येतं, आणि तुमची महिन्याची कॉफी सहा महिन्यांवर नेण्याची ताकद असेल तर त्यातच आहे. घ्यायचंच असेल काही, तर हे घ्या.

आता मोठ्या कंपन्यांचं. इथे मला तुमची भीती उगाचची वाटते. इन्स्टंट कॉफीचा धंदा जन्मला तो चवीच्या हौसेतून नव्हे. 1930 च्या सुमारास ब्राझीलमध्ये कॉफीचे ढीग पडून होते, भाव कोसळले होते. तिथल्या लोकांनी नेस्लेला विचारलं, की ही कॉफी टिकेल, पाण्यात विरघळेल असं काही करता येईल का. माक्स मॉर्गेनथालर यांनी काही वर्षं त्यावर घालवली आणि 1938 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे आली. सुरुवातीच्या त्या पावडरीत वास धरून ठेवायला कर्बोदकंही मिसळलेली असत. त्याआधीही न्यूझीलंडमध्ये डेव्हिड स्ट्रँग, अमेरिकेत सातोरी कातो अशा माणसांनी विरघळणारी कॉफी केली होती. कातोंनी ती 1901 च्या बफलोच्या प्रदर्शनात मांडली होती. म्हणजे कल्पना सव्वाशे वर्षांची. तुम्ही नवीन काही शोधलेलं नाही, आणि ते बरंच आहे, कारण गिऱ्हाइकाला वस्तू समजावून सांगावी लागणार नाही.

मोठ्या कंपन्यांना चांगली पावडर करता येत नाही असं समजू नका. फ्रीझ ड्रायिंग त्यांच्याकडे 1960 च्या दशकापासून आहे. स्टारबक्सने 2009 मध्ये व्हिया नावाची इन्स्टंट कॉफी काढली, त्यात विरघळणाऱ्या पावडरीबरोबर अगदी बारीक दळलेली कॉफीही मिसळली, आणि ‘आमचं गिऱ्हाईक इन्स्टंट पिणार नाही’ हा समज स्वतःच मोडला. फरक करण्याच्या कुवतीत नाही, हिशेबात आहे. साध्या गरम पाण्याने भाजलेल्या बियांतलं अठरा ते बावीस टक्के सार काढलं की कप चांगला लागतो. कारखाना मात्र दाबाखाली दीडशे अंशांच्या वर तापलेल्या पाण्याने त्याच बियांतून चाळीस-पन्नास टक्के काढतो. एरवी न विरघळणारे तंतूही त्या तापात तुटून विरघळतात. वजन वाढतं, आणि ती ओळखीची उकडलेली चवही येते. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटना हिशेबासाठी एक किलो इन्स्टंट म्हणजे 2.6 किलो कच्चं बी धरते. तुम्ही वीस टक्क्यांवर थांबलात तर एका किलोला पाच किलो भाजलेलं बी लागेल. भाजताना वजन घटतं ते धरलं तर कच्चं जवळजवळ सहा किलो. तेही चांगलं, महागडं. असं सहा किलो बी एका किलोच्या बरणीत घालून नेहमीच्या भावात विकणं कुठल्याच मोठ्या कंपनीला परवडणार नाही. त्या तुमच्याशी भांडायला येणार नाहीत.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू तुम्हाला टोचायला हवी. एक किलो भाजलेल्या बियांपासून तुम्हाला दोनशे ग्रॅम पावडर, सहासष्ट कप. त्याच किलोची कॉफी घरी गाळून प्यायली तरी सहासष्टच कप होतात. म्हणजे तुमच्या कपात बी तेवढंच जातं, वर काढणी, वाळवणी, पाकीट, आणि नासाडी. तुमचा कप घरच्या उत्तम कपापेक्षा नेहमीच महाग राहणार. मशीन मोठं केलं तरी हे उलटणार नाही. म्हणून बरणीवाल्या गिऱ्हाइकाकडे जाऊच नका. एका कपाला तो जे देतो त्याच्या कितीतरी पट मागावं लागेल. घरी ग्राइंडर आणि निवांत सकाळ असलेल्याकडेही जाऊ नका. तोच माणूस प्रवासात असतो, डोंगरावर तंबूत असतो, रात्रपाळीला असतो, ऑफिसातल्या यंत्राची कॉफी पिऊन तोंड वाकडं करत असतो, तेव्हा तो तुमचा. तो बाहेरच्या कॅफेतल्या कपाशी तुलना करतो, आणि तिथे तुम्ही स्वस्त पडता. त्याला बरणी नको असते, खिशात मावणारी पाच-सहा पाकिटं हवी असतात.

त्याहून सोपं गिऱ्हाईक तुम्ही रोज बघता, आणि पत्रात त्याचा उल्लेखही नाही. ते म्हणजे रोस्टर. चांगलं बी भाजणाऱ्या लहान रोस्टऱ्यांना आपल्या नावाची सॅशे विकायला आवडेल. त्यांच्याकडे करायची सोय नाही एवढंच. बी त्यांचं, नाव त्यांचं, काढणी आणि पाकीट तुमचं, मजुरी रोख. बियांत तुमचं भांडवल अडकणार नाही आणि गिऱ्हाईक शोधायला जाहिरात लागणार नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरची स्विफ्ट कप कॉफी स्वतःची पाकिटं विकते आणि इतर रोस्टरांच्या बियांची पावडरही करून देते. म्हणजे हा रस्ता चालण्याजोगा आहे. फक्त आधी तुमच्या मालकांशी बोला. तुम्ही त्यांच्याकडे क्वालिटीला आहात आणि सुट्टीच्या दिवशी कॉफीचाच धंदा उभा करताय, हे त्यांना तिसऱ्याकडून कळलं तर नोकरीही जाईल आणि पहिलं गिऱ्हाईकही.

मग वाळवायचं कुठे? बाहेर. फळं, वनस्पती, औषधी माल जॉब वर्कवर, म्हणजे मजुरी घेऊन, वाळवून देणारे असतात. दाट अर्क गोठवून त्यांच्याकडे न्यायचा आणि काढलेल्या पाण्याच्या किलोमागे दर ठरवायचा. अर्क दाट असेल तर तुमचं बिल आपोआप कमी होईल. जाण्याआधी दोन गोष्टी विचारा. आदल्या घाण्यात त्या चेंबरमध्ये काय वाळलं होतं? कांदा किंवा मसाला असेल तर तुमची पावडर तो वास घेऊनच बाहेर येईल; त्यांनी कितीही ‘धुतलंय’ म्हटलं तरी आधी ट्रेभर नमुना काढून चाखा. आणि निघालेल्या मालाचा ओलावा ते मोजून, लिहून देतात का? देत नसतील तर दुसरीकडे जा. जॉब वर्कवाला महाग पडतो अशी तक्रार दादा करेल. करू दे. महिन्याला तो किती महाग पडतोय हा आकडा हातात आला, की स्वतःचं मशीन कधी घ्यायचं ते तो आकडाच सांगेल.

तोवर ते जुनं मशीन गेलं तर जाऊ द्या. जुन्या ड्रायरची मेख पंपात, सीलमध्ये आणि कंडेन्सरमध्ये असते. रिकामं चेंबर निर्वातात ठेवून तासाभरात दाब किती चढतो हे बघितल्याशिवाय कोणी आगाऊ रक्कम मागत असेल, तर एरवीही ते सोडून द्यायच्या लायकीचंच.

नमुने सगळ्यांना आवडले, यावर फार विसंबू नका. फुकट पाकीट हातात ठेवून, समोर उभं राहून ‘कशी वाटली’ विचारलं तर नाव ठेवणारा अजून जन्माला यायचाय. कपिंगच्या, म्हणजे कॉफी चाखून पारखण्याच्या, टेबलावर जे करता तेच इथे करा. तीन कप, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचं. चोवीस जणांपैकी नुसत्या अंदाजाने आठ जण बरोबर येतात. तेरा किंवा जास्त बरोबर आले तर फरक खरा आहे असं धरतात. ही चाचणी दोनदा लावा. एकदा तुमची पावडर आणि त्याच बियांची ताजी गाळलेली कॉफी. दुसऱ्यांदा डीप फ्रीझरमध्ये जपलेलं पाकीट आणि बाहेर महिनाभर ठेवलेलं पाकीट. दुसरी चाचणी माझ्या मते जास्त महत्त्वाची. पहिलीत हरलात तरी धंदा चालू शकतो, कारण तंबूत बसलेल्या माणसाकडे ताजी कॉफी नसतेच. दुसरीत हरलात तर पाकिटावर तारीख काय छापणार? दूध घालूनही चाखा. फळांच्या अंगाने जाणारी, हलकी भाजलेली कॉफी नुसत्या पाण्यात सुरेख लागते आणि दुधात गायब होते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

राहता राहिला दादा. त्याला एकट्याला ‘थांब’ म्हणू नका. तुम्ही दोघं आणि वहिनी असे तिघं बसा, आणि वहिनीला बसण्याआधी दादानेच सांगू दे. तुम्ही परस्पर सांगितलंत तर भावा-बहिणीत कायमचं खुपत राहील. त्याने आठवड्यात सांगितलं नाही, तर तुम्ही त्याला एवढंच म्हणा, ‘दादा, वहिनीला माहीत नसलेल्या पैशात मी भागीदार होणार नाही.’ आवाज चढवायची गरज नाही. ठेव दोघांच्या संसाराची आहे. उद्या मशीन बंद पडलं तर राग त्याच्यावर निघेलच, पण घरात येताना-जाताना नजर चुकवावी लागेल ती तुम्हाला. आणि खरं सांगू, ज्या बाईला घरखर्च रोज जमवावा लागतो तिला किलोमागे किती पाणी काढावं लागतं हा हिशेब तुमच्या दोघांपेक्षा लवकर कळण्याची शक्यता आहे.

त्या बैठकीत तीन गोष्टी कागदावर आणा. कोणाचा किती पैसा आणि तो बुडाला तर कोणाचा बुडाला. कोणाचं काय काम, म्हणजे चव तुमची आणि यंत्र दादाचं, आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणत्या बाबतीत कोणाचा. तिसरं, कोणत्या आकड्याला पोचलो की मशीन घ्यायचं. हा आकडा आजच लिहा, उत्साह आटोक्यात असताना. माझ्या मते तो असा असावा, की जॉब वर्कवाल्याला सलग सहा महिने दिलेलं बिल मशीनच्या हप्त्यापेक्षा, वीज आणि दुरुस्ती धरून, जास्त झालं पाहिजे. दादाला आकडा वेगळा ठेवायचा असेल तर ठेवू दे, पण आकडा हवा.

नोकरी सोडण्याचं इतक्यात काढूच नका. सात वर्षांची तुमची जीभ हेच सध्या या धंद्याचं भांडवल आहे, आणि ती रोज त्या टेबलावर धार लावून मिळते, वर पगारही मिळतो. तीन भांड्यांची काढणी, गोठवणं, चाचण्या हे सगळं सुट्टीच्या दिवशी होण्यासारखं आहे. दोन रोस्टऱ्यांनी पैसे देऊन माल उचलला आणि तुम्ही फोन न करता त्यांचीच दुसऱ्यांदा मागणी आली, की मला पुन्हा लिहा. राजीनाम्याचं तेव्हा बघू.